चाळीस शब्दांत

काचेखालची चिठ्ठी चाळीस शब्दांची असावी,
असं आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.
वर्गात आम्ही अकरा जण.
तेल्मोला दिवे मिळाले, ब्रिझिदाला रंग,
मला शब्द,
कारण मला खिळा ठोकता येत नाही.

मातोझिन्योशला बंदराच्या मागे बर्फाचं जुनं गोदाम आहे,
तिथे आम्ही मांडला वेष्टनांचा इतिहास.
दाराशी रोमन काळातला मातीचा कुंभ,
तळाला निमुळता, जहाजात वाळूत रुतवायचा.
(अडतीस.)
मग वेताची टोपली, लाखेची मोहोर,
भाजलेल्या चेस्टनटचा पुडा, टेलिफोन डिरेक्टरीच्या पानाचा,
त्यावर अजून एका दंतवैद्याचा नंबर.
(चाळीस. दंतवैद्यासाठी एक विशेषण गाळलं.)

मधल्या काचेत सार्डिनचा डबा. तो आमचा मानाचा.
पिवळ्या कागदावर निळी जलपरी,
शेपटीवर उभी, कमरेवर हात,
भाव न पटल्यासारखी.
आत काही नाही.
कागद आम्हीच गुंडाळला, तेल्मोने आणि मी,
जुना फोटो समोर ठेवून.
छपाई दगडावर, चार रंगांत. साल अंदाजे.
कारखाना बंद. चित्रकार अज्ञात.
गुंडाळणारे हात कुणाचे,
असा रकानाच नव्हता फॉर्ममध्ये.

शनिवारी दुपारी दोना अदोझिंडा आल्या.
जलपरीकडे बघितलंच नाही.
वाकल्या, काचेच्या कडेने डब्याची पाठ न्याहाळली,
म्हणाल्या, उलटं आहे.
काय उलटं?
घडी. तोंड खाली हवं.
असा डबा मुकादमीण परत फेकायची,
त्याचे पैसे गेले.

किती पैसे? मी वही काढली.
त्या म्हणाल्या, रात्री दोनला भोंगा व्हायचा, होड्या लागल्या की.
प्रत्येक कारखान्याचा वेगळा.
आपला तेवढा झोपेत ओळखायचा,
दुसऱ्याच्या भोंग्याला कूस बदलायची.
हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.
मी लिहून घेतलं.

तेल्मो किल्लीसाठी धावला.
किल्ली बाईंकडे, बाई ब्रागाला लग्नात.

तेव्हा त्यांनी टेबलावरचं आमचं माहितीपत्रक उचललं
(त्यातल्या अक्षरांच्या वळणावरून ब्रिझिदा तीन आठवडे भांडली होती),
पर्समधून रक्तदाबाच्या गोळ्यांचं खोकं काढलं,
आणि मी मोजायला लागले.
चार हालचाली असाव्यात. कदाचित पाच.
अंगठा कडेवरून गेला,
एक कोपरा आत, दुसरा त्याच्या पाठीवर,
शेवटचं टोक कुठे गेलं ते दिसलंच नाही.
डिंक नाही, चिकटपट्टी नाही.

पुन्हा दाखवाल? तेल्मो म्हणाला. सावकाश?
दुसऱ्यांदा हात मध्येच अडला.
कागद उलगडला, परत धरला, परत अडला.
हळू केलं की येत नाही, त्या म्हणाल्या,
आणि भराभर करून टाकलं,
माझ्याकडे बघत,
तू कुणाची, आई काय करते, विचारत.

खोकं पर्समध्ये गेलं,
आमच्या प्रदर्शनाचं शीर्षक गोळ्यांच्या पोटावर, उलटं.

झाकल्या मुठीला सव्वा लाख म्हणतात.
उघड्या हाताला डब्यामागे किती,
तो आकडा मला शेवटपर्यंत मिळाला नाही.

सोमवारी किल्ली आली.
आम्ही जलपरी सोडवली, तोंड खाली करून पुन्हा गुंडाळली.
एक कोपरा सुटूनच राहिला.
राहू दिला.
चिठ्ठीत अज्ञात चित्रकाराच्या खाली मी एक ओळ घातली:
घडीची चूक दाखवली दोना अदोझिंडा यांनी,
ज्यांना ती हळू करता येत नाही.

शब्द एकावन्न झाले.
बाईंनी वाचलं आहे.
अजून काही बोललेल्या नाहीत.